पक्कुओत म्हणजे कोणतं फळ

हिब्रू भाषेशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. सासर किन्हीराजाच्या अलीकडे एका लहान गावात आहे आणि मला मराठीच पुरून उरते. तरी गेल्या वर्षी एक हिब्रू शब्द आमच्या घरात शिरला, आणि तो अजून बाहेर गेलेला नाही.

तो आणला माझ्या मैत्रिणीनं. वाशिमला डी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहिलो. तिचं घर ख्रिस्ती, आणि आमच्या जिल्ह्यात अशी घरं मोजकीच. आता ती तिच्यासारख्याच चार-पाच जणांबरोबर बायबलमधल्या जुन्या गोष्टी आमच्याकडच्या बायामाणसांना नुसत्या ऐकून कळतील अशा मराठीत लिहिते. त्यांच्या कामाची एक पद्धत आहे. गोष्ट लिहून झाली की जिनं ती कधीच ऐकलेली नाही अशा बाईला वाचून दाखवायची, आणि काय समजलं ते तिच्याच तोंडून परत ऐकायचं. बाईनं भलतंच सांगितलं तर चूक बाईची नाही, लिहिणाऱ्याची. हे मला फार आवडलं, कारण शाळेत आम्ही नेमकं उलट करतो. म्हणून वाचून दाखवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं.

ऐकणाऱ्या म्हणजे माझ्या सासूबाई आणि शेजारच्या दोघी-तिघी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. सत्तरी ओलांडलेल्या, काटक आणि कमालीच्या देवभोळ्या. देव कोणाचाही असो, हात जोडल्याशिवाय त्या पुढे जात नसत. दर्ग्यावरून जाताना डोक्यावर पदर, पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्यांच्या जीप दिसल्या तरी डोक्यावर पदर. माझं त्यांचं पटत नसे असं नाही, पण माझ्या जिभेला हाड नाही आणि त्यांना ते खपायचं नाही. त्यातून अन्नाला नाव ठेवलेलं तर मुळीच नाही. भाजी खारट झाली तर त्या पाणी पीत पीत गुमान जेवायच्या. मी बोलले की म्हणायच्या, "झाली तं झाली. ताटावर बसून बोलू नोको."

मैत्रिणीनं पाठवलेली ती गोष्ट मी ओसरीवर वाचली तेव्हा सोयाबीन घरात आलं होतं आणि बायांना थोडी उसंत होती. गोष्ट लहानशी आहे. एका मुलखात दुष्काळ पडलेला असतो. एक देवमाणूस आपल्या शिष्यांसाठी मोठं भांडं चुलीवर चढवायला सांगतो. एक जण भाजीपाला शोधायला रानात जातो. त्याला एक रानवेल दिसतो. त्याची फळं तो ओटी भरून आणतो आणि चिरून भांड्यात टाकतो. ती कशाची फळं आहेत हे कोणालाच माहीत नसतं. सगळे जेवायला बसतात, आणि घास तोंडात जाताच ओरडू लागतात की या भांड्यात मरण आहे. मग तो देवमाणूस थोडं पीठ मागवतो, ते भांड्यात टाकतो आणि वाढा म्हणतो. त्यानंतर भांड्यात वाईट काही उरत नाही.

अडचण त्या फळाची होती. मूळ शब्द पक्कुओत. मैत्रिणीनं सांगितलं की सबंध जुन्या ग्रंथात हे फळ या एकाच ठिकाणी येतं, त्यामुळे ते नेमकं कोणतं हे ताडून बघायला दुसरी जागाच नाही. कोणी म्हणतं त्याच्या मुळाशी फुटणं, तडकणं आहे. म्हणून पिकल्यावर तडकणारं फळ असावं. बरेच जाणकार म्हणतात इंद्रावण, ते वाळूत पसरणारं, लहान कलिंगडासारखं दिसणारं कडूजहर फळ. त्याच कुळातला एक शब्द त्या ग्रंथात देवळातल्या लाकडावर कोरलेल्या नक्षीसाठी आला आहे, म्हणजे दिसायला ते फळ देखणं असलं पाहिजे. "इंद्रावण लिहिलं तर तुमच्याकडे कळेल का?" तिनं विचारलं होतं. मी ओसरीवर विचारलं. कोणालाच कळलं नाही.

"शेंदाडं असतीन," शेजारची एक म्हणाली. शेंदाडं म्हणजे ज्वारीच्या शेतात आपोआप येणारी लहान खरबुजं.

"शेंदाडं खाऊन कोनी मरते का?" दुसरी म्हणाली. "कवंडय असन."

कवंडळ म्हणजे झाडावर चढणाऱ्या वेलाचं लालभडक फळ. त्यावर पहिली हसली. "कवंडय कोन घालीन व भाजीत? लेकराले बी समजते ते."

घोडं इथंच अडलं. जे खातात त्यानं कोणी मरत नाही आणि ज्यानं मरतात ते कोणी भाजीत घालत नाही. मग तिसरीनं विचारलं, "पन शिजवनाऱ्यानं चाखलं काहून नाई?"

उत्तर आत्याबाईंनी दिलं. "गुरूच्या पानासाठी शिजवलं होतं न. आदी आपन चाखून उष्टं करन का?" आणि मग माझ्याकडे वळून, "मेलं काय व कोनी?"

"नाही. पीठ टाकलं आणि चांगलं झालं."

"मंग बरं. पन पंगतीत बसून मरनाचं नाव घेतलं त्याइनं, हे काई बरं केलं नाई."

पिठाचा भाग त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. कोणतं पीठ, असं विचारलं. मी म्हटलं, सांगितलेलं नाही. "गव्हाचंच असन," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

त्या दुपारी मी मैत्रिणीला कळवलं की आपल्याकडे असं फळच नाही, फसवणारं. काहीतरी साधं लिही, रानफळं वगैरे. उष्ट्याची गोष्टही कळवली. ती तिला फार आवडली, कारण मुळात न सांगितलेलं कारण आत्याबाईंनी चुटकीसरशी दिलं होतं. मी हे मोबाइलवर लिहीत होते तेव्हा आमच्या परसातल्या तारेच्या कुंपणावर तो वेल चढलेला होता. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी त्याच्याकडे बघतही होते.

तो लवकीचा वेल होता. पुस्तकातला दुधी भोपळा म्हणजे आमच्याकडची लवकी. कोणी लावला नव्हता. पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला उगवला आणि बघता बघता कुंपणभर झाला. फळं लागली ती दृष्ट लागावी अशी, गुळगुळीत, पोपटी, लांबोडकी. "न लावता आलं, देवानंच देलं," आत्याबाई म्हणायच्या. त्यातली एकही त्यांनी घरच्या भाजीला तोडू दिली नाही. पहिली फळं मारोतीच्या रोडग्यांना जायची होती.

रोडग्यांचं सांगायला हवं. माझे मिस्टर तरुणपणी ट्रॅक्टरखाली सापडता सापडता वाचले. तेव्हापासून दर वर्षी एका शनिवारी शिवारातल्या मारोतीला रोडग्यांचा नैवेद्य, असा आत्याबाईंचा नवस. गव्हाच्या कणकेचे जाड गोळे गवऱ्यांच्या आरात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची तर्रीदार भाजी. अर्धं गाव जेवायला येतं. आत्याबाईंना त्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत पाणीसुद्धा वर्ज्य असायचं.

त्या वर्षी वांग्यांनी दगा दिला. घरची उशिराच्या पावसानं सडली. मिस्टरांनी शेलूबाजारहून पोतंभर आणली, तर चिरायला घेतली तशी दर दुसऱ्यात अळी. आत्याबाईंनी विळी बाजूला सारली. "किडकं देवाले देता का? लवक्या तोडा." कोणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट मी म्हटलं, बरं झालं, लवकर शिजेल.

माझ्या आईची एक सवय माझ्यात आहे. काकडी असो, दोडका असो, लवकी असो, चिरताना देठाकडचा एक काप तोंडात टाकून बघायचा. विचार करून नाही, हात आपोआप जातो. त्या सकाळीही गेला. काप ओठाशी आला आणि आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. "देवाचं हाय ते," म्हणाल्या. मी काप परातीत टाकला आणि पुढची लवकी घेतली.

हे लिहिताना मला त्यांचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात. मला येतो, मी काय करू? त्यांनी ते मनगट धरायला नको होतं.

मारोतीचं देऊळ म्हणजे वावराच्या कडेला चार खांबांवरचा पत्रा. पुढे मोकळी जागा, तिथे चुली, तिथेच पंगत. भाजी शिजताना वास तर चांगलाच सुटला होता. तेल, तिखट, खोबरं, काळा मसाला सगळं सढळ हातानं. शिजवणाऱ्यानं मीठसुद्धा अंदाजानं घातलं. आत्याबाई नैवेद्याचं पान घेऊन देवापुढे गेल्या, आरती झाली, आणि पुरुषांची पंगत बसली. मी वरण वाढत होते.

पंगतीत पहिल्या घासाला नेहमी एक गलका असतो. कोणी तूप मागतं, कोणी भाजीला तिखट जास्त म्हणून हुश्श करतं. त्या दिवशी गलका सुरू झाला आणि मध्येच तुटला. मी वर बघितलं. सगळे चावत होते, पण सावकाश. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मिस्टरांचा जबडा क्षणभर थांबला, मग त्यांनी गिळलं, वर घटाघट पाणी प्यायले आणि पुन्हा भाजीतच घास बुडवला. त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं रोडग्याचा तुकडा भाजीवर हळूच पालथा घातला. मी वरणाची बादली खाली ठेवली, भाजीच्या गंजाशी, म्हणजे मोठ्या पातेल्याशी गेले आणि बोट बुडवून चाटलं.

आधी तिखट लागलं. मग घशातून कडू वर आलं, आणि येतच राहिलं. कारल्याचं कडू मला माहीत आहे, निंबाचं माहीत आहे. हे त्यातलं नव्हतं. जीभ आत ओढल्यासारखी झाली. एवढ्या माणसांनी हे गिळलं होतं, कारण प्रसाद थुंकायचा नसतो आणि पंगतीत पहिलं कोणी बोलायचं नसतं. मी मोठ्यानं म्हटलं, "कोणी खाऊ नका. भाजी कडू आहे. टाकून द्या."

सगळ्यांचे हात थांबले. कोणी मला बरं केलंस म्हणालं नाही. बाईमाणूस, त्यातून घरची सून, देवाच्या पंगतीत टाकून द्या म्हणते, या नजरेनं माणसं बघत होती. तेवढ्यात आत्याबाई देवापासून नैवेद्याचं पान घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं. मला वाटलं आता माझी शोभा होणार. तसं झालं नाही. त्या कणकेच्या परातीशी गेल्या, उरलेलं कोरडं पीठ मूठभर घेतलं आणि भाजीच्या गंजात टाकलं. डाव घेऊन ढवळलं. मग मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्यानं असंच केलं होतं न?"

त्या हसत होत्या. मला सांभाळून घेत होत्या, नवसालाही सांभाळून घेत होत्या.

"आत्याबाई, ती गोष्ट आहे," मी म्हटलं.

"देवाची गोष्ट हाय. तूच तं वाचली."

पानावरची भाजी त्यांनी गंजात ओतली, पीठ मिसळलेली परत वाढून घेतली आणि सगळ्यांसमोर मांडी घालून बसल्या. मी पानाला हात घातला. त्यांनी नुसतं वर पाहिलं. मिस्टर पंगतीतून म्हणाले, "खाऊ दे तिले. कारलं बी खातेच ते." आणि मी हात काढला, कारण चारचौघांत सासूच्या पुढचं ताट ओढून घेणारी सून आमच्या गावात अजून जन्माला आलेली नाही.

पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "गेलं कडू. आता नाई लागत." खरंच लागत नव्हतं की लोकांसाठी म्हणाल्या, हे मला कधीच कळणार नाही. बाकी कोणी ती भाजी पुन्हा घेतली नाही; सगळ्यांनी वरणावर भागवलं. आत्याबाईंनी पान पुसून खाल्लं. सकाळपासूनचा कोरडा उपास होता, भूकही असणार.

भांडी आवरून व्हायच्या आत त्यांना उलट्या सुरू झाल्या. मिस्टरांना आणि आणखी काही जणांनाही झाल्या, पण त्यांनी दोन-चार घासच खाल्ले होते, ते सांजेपर्यंत सावरले. आत्याबाई सावरल्या नाहीत. उलटीत रक्त दिसलं तेव्हा आम्ही त्यांना जीपमध्ये घातलं. वाटेत एका डॉक्टरला दाखवलं. काय खाल्लं विचारलं, मी लवकी म्हटलं, तर तो म्हणाला, लवकीनं काय होतं, आजाऱ्याला देतात ती. सलाईन लावून त्यानं पुढे वाशिमला धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मात्र कळलं. कडू निघालेल्या लवकीत विष असतं, ते शिजवल्यानं जात नाही, कशानंच जात नाही, असं त्या म्हणाल्या. वरून बघून ओळखू येत नाही का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. चाखूनच कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई शुद्धीवर होत्या. ओठ काळे पडले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "मी पीठ कमी टाकलं का व?"

मी म्हटलं, "नाही आत्याबाई. पीठ बरोबर होतं. भाजी फार होती."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. संध्याकाळ व्हायच्या आत त्या गेल्या.

तेरवीनंतर मैत्रीण आली. ओसरीवर बसून खूप रडली. म्हणाली, मी ती गोष्टच काढून टाकते. मी म्हटलं, काढू नको, पिठाशेजारी एक ओळ वाढव की हे कोणी करून बघू नका. ती म्हणाली, जे मुळात नाही ते मला घालता येत नाही. तेव्हा मी तिच्यावर भडकले. एवढी विद्वान माणसं बसली आणि एका फळाचा अर्थ लागत नाही म्हणता, मग माझ्याकडून घ्या, मी सांगते अर्थ. पक्कुओत म्हणजे लवकी. रोजची, घरची, देवाला चालणारी लवकी. रानफळ लिहिलंत तर बाया म्हणतील, आपण कुठे रानातलं खातो. मुळात त्या फळाला रानातलं असं म्हटलेलंच आहे, ते तिला टाकता येईना. शेवटी तिनं लिहिलं, 'लवकीसारखी दिसणारी रानफळं'. त्यातलं 'लवकीसारखी' तिनं माझ्यासाठी घातलं, हे मला माहीत आहे. तिच्या माणसांशी ती त्यासाठी भांडलीसुद्धा.

गावात या गोष्टीचा अर्थ वेगळाच लागला. सुनेनं देवाच्या पंगतीत तोंड उघडलं, प्रसाद टाकायला सांगितला, म्हणून मारोती कोपला. तोंडावर कोणी बोललं नाही. पण त्या शनिवारी जेवलेल्या माणसांच्या बाया आता मला हळदीकुंकवाला बोलावताना दुसऱ्या कोणाच्या हाती निरोप धाडतात. मिस्टर मला दोष देत नाहीत. धीरही देत नाहीत. आईचं नाव निघालं की उठून गोठ्याकडे जातात.

आमच्या घरात सून शेवटी जेवायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तेच, आणि आत्याबाई होत्या तोवर मी त्यावर कितीदा कटकट केली असेल. आता पानं वाढली की मिस्टर आणि दोघी मुली हात मांडीवर ठेवून बसतात. कोणी कोणाला असं करायला सांगितलेलं नाही. मी बसते, भाकरी मोडते, भाजी लावून पहिला घास तोंडात घालते आणि चावते. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी गिळते, पण तरी लगेच कोणी हात पुढे करत नाही. थोडा वेळ थांबतात.